शब्दाची चुलत भावंडं

जरा कल्पना करा. शाळा नुकतीच सुटली आहे, ऊन चटके देतंय आणि फाटकाबाहेरच्या आंब्याखाली तुम्ही रांगेत उभे आहात. पुढे एक लाल हातगाडी. तिच्यावर गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी, सरबताच्या बाटल्या आणि दाट गोड दुधाचा डबा. गाडीमागे गवती हॅट घातलेला एक उंच म्हातारा बर्फ किसतोय. तुमचा नंबर यायच्या आत तुम्हाला एक शब्द ठरवायचाय. कुठलाही इंग्रजी शब्द. म्हाताऱ्याला त्याचं यमक सापडलं, तर गोळ्याचे पैसे द्यायचे. नाही सापडलं, तर गोळा फुकट, वर दूध दुप्पट.

सापडला का शब्द? घाई करा, तुमच्या पुढे आता फक्त केझिया आहे.

केझिया दहा वर्षांची. एका जागी उभं राहणं तिला जमत नसे. रांगेतसुद्धा ती एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारी, वेणीचे मणी चावत राही. त्रिनिदादच्या दक्षिणेकडे, उसाच्या जुन्या रानांपलीकडे मॉर्न पाम नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेत ऑर्मंडला, म्हणजे या गोळेवाल्या म्हाताऱ्याला, हरवून फुकट गोळा खाल्लेलं एकही मूल नव्हतं, आणि पहिलं मूल आपणच व्हायचं असं केझियाने ठरवून टाकलं होतं.

"काय गं डूडू, आज कुठला दगड आणलायस माझ्या डोक्यात घालायला?" ऑर्मंड विचारी. डूडू म्हणजे त्याच्या भाषेत सोनुली. तो सगळ्याच मुलींना तसं म्हणे.

"ऑरेंज," केझिया एकदा म्हणाली. हा शब्द तिला मोठ्या वर्गातल्या मुलीने दिला होता. याला यमकच नाही, असं त्या मुलीचं म्हणणं होतं.

ऑर्मंडने किसणी थांबवलीसुद्धा नाही. "पॉरिज."

"हे काही यमक नाही, अंकल ऑर्मंड. नीट जुळत नाही."

"कोण म्हणतं? हे बघ, शब्दाला गोतावळा असतो, माणसासारखा. केनचा सख्खा भाऊ रेन. ट्रेन पण सख्खाच. पण ऑरेंज बिचारं एकुलतं एक. मग त्याने काय घरात एकटंच बसायचं? पॉरिज त्याचं चुलत भावंड. नाक वेगळं, पण हसणं तेच."

"आणि चुलतही नसलं तर?"

"मग मानलेलं. रक्ताचं काही नाही, पण लग्नाला येतं, मयताला येतं. चल, पैसे काढ."

केझिया पाय आपटत निघून जाई आणि दुसऱ्या दिवशी नवा शब्द घेऊन येई. मंथ दिला, तर तो वन्स म्हणाला. "मानलेलं," ती रागाने म्हणाली. "मानलेलंच," त्याने कबूल केलं, "पण बघ कसं तुझ्या बाजूला येऊन बसलंय."

साखर कारखाना बंद पडला तेव्हा ऑर्मंडने ही गाडी घेतली. त्याआधी तो कारखान्यात रस उकळायच्या कढयांवर होता. लग्न केलं नाही. शेतजमीन नाही. कपाळावर लिहून आणलेलं म्हणायचं तर एकच, की कार्निव्हल जवळ आला की गावाच्या हॉलमध्ये शीघ्रगीतांचा सामना होई आणि त्यात तो गाई. स्टेजवर त्याचं नाव लॉर्ड सिरप. तिथे लिहून आणलेलं काही चालत नाही. पहिल्या ओळीचा शेवटचा शब्द समोर बसलेले लोक देतात आणि त्याच क्षणी चार ओळी जुळवायच्या, त्याही समोरच्या गाणाऱ्याची यथेच्छ टिंगल करत. कितीही झोंबलं तरी रागवायचं नाही, हा नियम. स्टेजवर शिवी खाल्लेला माणूस खाली उतरून शिवी देणाऱ्याबरोबर जेवतो.

नाताळाच्या आधी ऑर्मंडला अर्धांगवायूचा झटका आला. दवाखान्यातून परतला तेव्हा तोंडाचा एक कोपरा जरा उतरला होता, बाकी ठीक दिसत होता. शाळा उघडल्यावर गाडी पुन्हा आंब्याखाली लागली.

पहिल्याच आठवड्यात एके दिवशी केझियाला शब्द शोधायला वेळ मिळाला नव्हता. नंबर आल्यावर तिने जे तोंडात आलं ते टाकलं.

"लाइट."

हा तर बालवाडीतल्या मुलाचा शब्द. नाइट, काइट, बाइट, व्हाइट, हाताला येईल तो उचलावा. ऑर्मंडने किसणी उचलली आणि तशीच धरली. ओठ हलले. त्याने आंब्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. मागची मुलं हसायची थांबली. बर्फावरून पाण्याची धार त्याच्या मनगटावर उतरली, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

मग त्याने कप भरला, सरबत ओतलं, दूध ओतलं, परत ओतलं आणि तो तिच्या हातात दिला.

"जिंकलीस, डूडू."

मुलांनी एकच गलका केला. केझिया कप घेऊन कुंपणाशी जाऊन बसली. किती महिने याची वाट पाहिली होती. पण ती कप नुसता धरून बसली. तिला वाटलं, त्याने मुद्दाम हरवून घेतलं. मग त्याचे हलणारे ओठ आठवले आणि कळलं की नाही, मुद्दाम नाही. गोळा वितळून लाल पाणी झाला, बोटांवरून गळला, मुंग्या आल्या.

सगळी पोरं गेल्यावर ती गाडीपाशी परत आली.

"अंकल ऑर्मंड, नाइट होता की."

"आता तू म्हणालीस म्हणून दिसला." तो गोणपाट घट्ट करत होता. "शब्द आहेत गं सगळे आत. पण पूर्वी दार वाजवायच्या आत बाहेर यायचे. आता आत चपला शोधत बसतात."

"मग शनिवारी? सामन्यात?"

"शनिवारी गाणार. तिथे आले तर आले. नाही आले, तर टोपी खुंटीला आणि गाडी विकायला. मुका गोळेवाला कुणाला हवाय? गोळा काय, शहरात, सान फर्नांडोच्या दुकानातही मिळतो."

त्या रात्री केझियाने टांटी व्हिल्माला झोपू दिलं नाही. टांटी म्हणजे तिची मावशी. आई परदेशी नोकरीला असल्यामुळे ती तिच्याकडेच राहत होती. केझिया कुशी बदलत राहिली. शेवटी टांटी म्हणाली, "पोटात मुंग्या आहेत का अंगात?" केझियाने सगळं सांगितलं. टांटीने तिच्या अंगावर चादर ओढली आणि ती म्हणाली, "झोप आता."

दुसऱ्या दिवशी केझियाने आपल्या परीने उपाय केला. रांगेतल्या प्रत्येकाला दम भरला, "कुणी शब्द टाकायचा नाही. टाकला तर माझ्याशी गाठ आहे." मुलांनी ऐकलं. एकेकाने येऊन पैसे दिले, गोळा घेतला, खाली मान घालून निघून गेला. पहिल्या दिवशी ऑर्मंडने विचारलं, "का रे, शब्द संपले का शाळेतले?" दुसऱ्या दिवशी विचारलं नाही. शुक्रवारी तर त्याने मान वर करून कुणाकडे पाहिलंही नाही. रांग अशी भराभर सरकत होती की केझियाला कसंतरीच झालं. आपण चांगलं केलं की वाईट, हे तिला ठरवता येईना.

शनिवारी हॉल गच्च भरला. दाराशी टोपलीतून गरम गरम डबल्स, म्हणजे मऊ पुऱ्यांत भरलेले छोले, विकत होते, मिरचीच्या वासाने लोक शिंकत होते. केझिया टांटीबरोबर पुढच्या बाकावर बसली, म्हणजे बसली कमी आणि उठली जास्त. स्टेजवर एक म्हातारा क्वात्रो घेऊन बसला होता. ती चार तारांची छोटी गिटार असते. तिचा ठेका सुरू झाला की थांबत नाही, गाणारा थांबला तरी.

ऑर्मंडच्या समोर उभी होती नॉर्मा क्वामिना. बाजारात मासे विकायची, स्टेजवर लेडी पेपरसॉस. तिला लोकांनी शब्द दिला आइस. गाणं तिथल्या इंग्रजीत होतं. मी ते आपल्या बोलीत सांगतो, पण ओळींचे शेवटचे शब्द तसेच ठेवतो, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

"याच्या गाडीवर बघा, अर्धं पाणी, अर्धं आइस,
तोंड सरबतासारखं, पण गोळा नाही नाइस,
किती वर्षं मागत होता माझ्या हातचा राइस,
वाढला तर म्हणतो कसा, मीठ पडलंय ट्वाइस."

हॉलने एका आवाजात टेक धरली, "सांटिमानिटे." हे प्रत्येक कडव्यानंतर म्हणायचं असतं. जुन्या फ्रेंचमधले शब्द आहेत. अर्थ इतकाच, की दया नाही, माया नाही.

ऑर्मंडला फिश मिळाला. डिश आला, विश आला, जरा अडखळत, पण आला. त्याने नॉर्माच्या मासळीला इतकं जुनं ठरवलं, की तो मासा कोलंबसाला ओळखत होता म्हणे. लोक हसले. टांटीने केझियाचा गुडघा दाबला, "बघ, उगाच जीव टाकत होतीस."

मग दुसरी फेरी. मागून कुणीतरी ओरडलं, "स्टोन."

ऑर्मंडने हॅट मागे सारली.

"लोक म्हणती, ऑर्मंड, तुझं डोकं झालं स्टोन..."

आणि थांबला.

क्वात्रोचा ठेका एक फेरा फिरला. पुन्हा फिरला. ऑर्मंडचे ओठ हलत होते, तसेच, किसणी धरून हलले होते तसेच. मागे कुणी खोकलं. कुणीतरी कुजबुजलं, "गेला बिचारा." केझियाच्या डोक्यात शब्दांची झुंबड उडाली होती. बोन, फोन, लोन, थ्रोन. ती उभी राहिली. तोंड उघडलं.

टांटीने तिचा हात धरून तिला खाली ओढलं. "नाही."

"मला येतंय, टांटी. मी सांगते ना."

"तुला येतंय गं. पण भरवलेला घास गिळता येतो, गाता येत नाही. तू शब्द दिलास, की त्याचं गाणं संपलं. कायमचं."

"मग काय नुसतं बघत बसायचं?"

टांटी उत्तर देणार तेवढ्यात स्टेजवर नॉर्माने हात वर केला. ती ऑर्मंडकडे पाहतही नव्हती. लोकांकडे तोंड करून, कंबरेवर एक हात ठेवून तिने टेक उचलली, "सांटिमानिटे." टेकेची वेळ नव्हती, कडवं अर्धंच होतं. लोक क्षणभर गोंधळले. तिने पाय आपटून पुन्हा म्हटलं. आता पुढचे दोन बाक तिच्याबरोबर आले. तिसऱ्यांदा सगळा हॉल. क्वात्रोवाल्याने ठेका त्याच्यात बसवून घेतला. दया नाही, माया नाही, असं ती दोनशे माणसं म्हणत राहिली, म्हणत राहिली, आणि त्या आवाजाच्या आडोशाला म्हातारा डोळे मिटून उभा होता. घाई कुणालाच नव्हती. केझियाही ओरडत होती, घसा बसेपर्यंत.

मग ऑर्मंडने बोट वर केलं. हॉल शांत झाला.

"लोक म्हणती, ऑर्मंड, तुझं डोकं झालं स्टोन,
मी म्हणतो, दगड नव्हे, जुनं आहे बोन,
शब्द राहतो लांब, त्याच्या घरात नाही फोन,
चालत येतो बिचारा, पण सोडत नाही थ्रोन."

काय तो आवाज झाला, सांगता येत नाही. केझिया बाकावरच चढली. पण नॉर्मा तयार होती. लोकांनी माइंड दिला आणि तिने श्वासही घेतला नाही.

"हरवलंय याचं शाळेपाशी चांगलं जुनं माइंड,
लादीखाली बघ रे बाबा, तिथेच होईल फाइंड,
थांबले मी तुझ्यासाठी, समजू नको काइंड,
पडलेल्याला कोण पाडतं? मी नाही ब्लाइंड."

सगळ्यात मोठ्याने हसला तो ऑर्मंड. डोळे पुसत हसला. सामना नॉर्माने जिंकला. बाहेर पडताना केझियाने पाहिलं, तर दोघं पायरीवर बसून एकाच कागदातले डबल्स खात होते. नॉर्मा त्याला सांगत होती, "मीठ बघ बरं का बरोबर आहे ते."

सोमवारी गाडी आंब्याखाली होती. पण सवय लागली की लागते. मुलांनी पैसे पुढे केले, गोळे घेतले, गप्प निघून गेली. टोपी डोक्यावर होती, पण खाली ओढलेली.

केझियाचा नंबर आला. तिने पैसे पुढे केले नाहीत. वेणीचे मणी तोंडातून काढले.

"सिल्व्हर," ती म्हणाली.

मागून कुणीतरी तिला ढोसलं. "ए, तूच सांगितलं होतंस ना."

ऑर्मंडने मान वर केली. "सोपा नाही गं," तो हळूच म्हणाला.

"सोपा आणायला मी काय बालवाडीत आहे?"

त्याने किसणी खाली ठेवली. ओठ हलायला लागले. ऊन लादीवर आलं, पाणी गाडीच्या कडेवरून टपटप गळू लागलं. रांगेतली मुलं चुळबुळली. कुणाची बस होती, कुणाला घरी जायचं होतं. केझियाने दप्तरातून पट्टी काढली आणि गाडीच्या पत्र्यावर ठेका धरला, क्वात्रोसारखा. मग टेक उचलली. आधी ती एकटीच होती. मग मागचा मुलगा आला, मग त्याची बहीण, मग आंब्यापर्यंतची सगळी रांग.

शब्द अजून आला नव्हता. केझियाने पट्टी दुसऱ्या हातात घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.