आज जू खांद्यावर नाही

उमैमा, तू काल कॉलेजात नव्हती म्हणून पयल्यापासून सांगते, मधात बोलू नको. अन् काजल, तू होती, तू तं बिलकूल बोलू नको.

मॅडमची स्पर्धा होती ना, एक इंग्रजी शब्द घ्यायचा अन् त्याचं खानदान शोधायचं. पयला नंबर अमरावतीले जाणार. मले जायचंच होतं व. मी ‘योक’ घेतला, म्हणजे बैलाच्या मानेवरचं जू. लय शोधलं. जर्मन लोक त्याले योख म्हणतात, रोमन लोक युगुम म्हणत, संस्कृतात युग, मंग प्राकृतात जुअ, अन् आपल्या गोठ्यात जू. या सगळ्याइची आजी एकच, एक भाषा जी कोनं लिहूनच ठेवली नाही. म्हणजे योक अन् जू चुलत भाऊ.

मॅडम म्हणे, “सुचिता, संस्कृतपाशी थांब. पुढचं गावठी कशाला?”

तवाच ठरवलं, आता जूच नेते.

बाबा म्हणे, “ने. पन आज खांदशेकणी हाये, ध्यानात ठेव.” पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याइकडे बैलाचे खांदे लोणी-हळदीनं शेकतात. थ्या दिवशी जू कोनाच्याच खांद्यावर चढत नाही, मानसाच्याबी नाही. म्हणून हर्षलदादाच्या गाडीवर मांगं बसली अन् धामणगावपासून झेंड्यासारखं उभं धरून नेलं. पोट्टे हासून राह्यले होते. हासू दे.

स्टेजवर आपल्याच बोलीत सगळं सांगितलं. टाळ्या पडल्या, खोटं नाही सांगत. मंग पाहुणे सर म्हणे, “छान. आता दोन मुलांच्या खांद्यावर ठेवून दाखव, आणि तेच जरा शुद्ध भाषेत सांग. पहिला नंबर तुझाच.”

सागर अन् जीवन तं माना वाकवून आलेबी. मले अमरावती दिसून राह्यली होती व, समोर.

मी म्हणलं, “सर, आज नाही. आज खांद्याले सुट्टी हाये.”

“अगं, ही तर मुलं आहेत.”

“खांदे तं हायेतच ना, सर. अन् बोली माही हेच हाये. हे जू हिच्यातच जू हाये.”

मॅडमनं डोक्याले हात लावला. जीवन म्हणे, “मंग मी मान सरळ करू का बे?” अख्खा हॉल हासला. मी जू उचललं, दोन्ही हातात, खांद्याले लागू न देता, अन् उतरली.

नंबर? काऊन इचारतं? जयमाला चालली अमरावतीले, ‘शुगर’ घेऊन.

संध्याकाळी बाबानं बैलाचे खांदे शेकले, त्याइच्या कानात म्हणलं, “आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.” मंग माह्या हाताकडे पायलं. जू धरून धरून सुजले होते. उरलेलं लोणी मले चोळलं अन् म्हणे, “तूबी घे आवतण.”

म्हणून आज मी बैलाइच्या पंगतीतली हाये. वाढ व काजल, पोळी वाढ.