शब्द खाली पडला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी साखळी आहे, शब्दांची. एकीने ओळ ज्या शब्दावर सोडली, तोच उचलून दुसरीने पुढची ओळ सुरू करायची, एवढंच माझं शरीर. पुस्तकात मला अलंकार म्हणतात. शिरड शहापूरच्या शिवारात मी दागिना नाही, तिथे मला काम आहे.

भादव्यात हळद कमरेच्या वर जाते. खुरपायला बसलेली बाई शेजारच्या पातीतल्या, म्हणजे शेजारच्या पट्ट्यातल्या, बाईलाही दिसत नाही. म्हणून बाया मला गातात. एक म्हणते, "हळद लावली वाफ्याला." दुसरी उचलते, "वाफ्याला पाणी पाटाचं." तिसरी, "पाटाचं वळण बांधाशी." शब्द उचलला गेला नाही, की सगळ्या खुरपी टाकून त्या पातीकडे धावतात. साप चावलेल्या दोघी अशाच वाचल्या. तेव्हा त्यांच्यातलीच मालनबाई म्हणाली होती, "हे गाणं न्हाई बायांनो, राखण हाय."

गेल्या वर्षी शेषराव मुकादम आला. "तोंड चाललं की हात थांबतो. जिला गायचं तिनं घरी बसावं!" आदल्याच दिवशी त्या वावरात विषारी फवारणी झाली होती. त्याला ठाऊक होतं. त्याने सांगितलं नाही.

दुपारी मालनबाईने सवयीने हळूच एक ओळ सोडली. पुढची पात तिच्या सुनेची, सरिताची. शब्द कुणी उचलला नाही. मालनबाईला वाटलं, पोरगी मुकादमाला भिऊन गप्प आहे. मी तिथेच मातीत पडले. मला स्वतःचा गळा नाही, नाहीतर ओरडले असते.

पाऊण तासाने चहाला सरिता आली नाही, तेव्हा शोधाशोध झाली. ती पातीतच पडली होती, तोंडाला फेस. फवारणीचं विष अंगात भिनलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. आठ दिवस दवाखान्यात काढून वाचली. आवाज मात्र बसला तो बसलाच.

शेषराव वस्तीवर आला. "झालं गेलं इसरा. सोमवारी बाया पाठवा."

मालनबाई उठली. "फवारलं ते तुमी लपवलं. लपवलं म्हणून माझं लेकरू पडलं. पडलं ते दिसलं न्हाई. दिसलं न्हाई, तर कळणार कसं? तोंडं तुमी बांधली. तोंडं बांधून आमी येत न्हाई."

"येत न्हाई फवारणी सांगितल्याबिगर," मागे उभ्या बायांतून जिवनबाईने शब्द उचलला.

बाया गेल्या नाहीत. पंधरा दिवसांत तण हळदीच्या वर दिसू लागलं. गाणं थांबवायचं नाही आणि फवारणी आधी सांगायची, या दोन्ही अटी शेषरावने मान्य केल्या. माफी मागितली नाही. मीही त्याला माफ केलेलं नाही.

मित्रांनो, मला पाठ करून गुण मिळवा, हरकत नाही. पण शेजारचा आवाज थांबला, तर हातातलं टाकून आधी तिकडे जा. आणि कोणी गप्प बसा म्हणालं, तर विचारा, आमच्यातलं कोणी पडलं तर कळणार कसं?

सरिता कामावर परतली त्या दिवशी मालनबाईने ओळ सोडली, "पातीत बसली सरिता."

सगळी खुरपी थांबली. पानांतून फाटका आवाज आला.

"सरिता हाय. हाय म्हणूनच बोलून राहिली, आत्याबाई!"