खिडकीची काठी

टर्नरने मोटरसायकलच्या पुढच्या शॉकअपच्या वरच्या नटाला पाना लावला, अंगाचा सगळा भार टाकायच्या तयारीने पाय रोवले, आणि नट लोण्यातून केस निघावा तसा सुटला. टर्नर पुढे झुकला तो झुकलाच. हँडलवर नाक आपटता आपटता वाचलं.

त्याने नटाच्या आट्यांवरून बोट फिरवलं. बोटाला ग्रीस लागलं. इतकी वर्षं गाडी व्हरांड्यात उभी, तरी गंजाचा कण नाही. पुढे कधीतरी कुणाला हा नट उघडावा लागेल, एवढा विचार करून कुणीतरी तो बसवला होता. कुणीतरी म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. टर्नरने नट फडक्यावर जरा जोरानेच ठेवला.

"काय टर्नरसाहेब!" कुंपणापलीकडून शेजारचे म्हातारे कंपाउंडर म्हणाले. "सवतीची सेवा चाललीय वाटतं!"

"सवत बायकांना असते."

"तेच तर म्हणतो. पुरुष असून तुमच्या नशिबाला आलीय, तीही दोन चाकांवर."

गाडी टर्नरच्या बायकोच्या पहिल्या नवऱ्याची होती. तो ग्रंथपाल होता, आणि छातीच्या दुखण्याने गेला त्याला बराच काळ लोटला होता. टर्नर या घरात आला तो त्यानंतर, उतारवयात, कारखान्यातलं टर्नरचं काम संपल्यावर, रीतसर लग्न करून, हत्यारांची पेटी काखोटीला मारून. घराने त्याला सामावून घेतलं, नाही असं नाही. पण व्हरांड्यातली मोटरसायकल जागची हलली नाही. तिच्यावर मेणकापड घातलेलं असायचं. टर्नरची सायकल बाहेर पावसात भिजायची. घरात कुणी 'ते' म्हणालं की ते एकच. 'त्यांना साखर कमी लागायची.' 'हे झाड त्यांनी लावलं.' मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, आणि मेलेल्या माणसाच्या हातून चूकही होत नाही. जिवंत माणसाच्या हातून रोज एक होते.

आता ग्रंथपालाच्या लेकीला गाडी हवी होती. उद्या ती न्यायला येणार होती. पण पुढचे दोन्ही शॉकअप गळत होते. ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालायची.

"गॅरेजला देऊ या," बायको म्हणाली होती.

"मी असताना?"

टर्नरला दोन गोष्टी हव्या होत्या. गाडी एकदाची घराबाहेर जायला हवी होती, आणि जाताना ती त्याच्या हाताने नीट झालेली असायला हवी होती. लेक त्याला काका म्हणायची. 'काका, बाबांनासुद्धा असं जमलं नसतं,' एवढं एक वाक्य तिच्या तोंडून निघालं असतं, तर त्याला ते मरेपर्यंत पुरलं असतं.

चाक आणि मडगार्ड त्याने आधीच काढून ठेवलं होतं. आता एका बाजूचा शॉकअप सोडवून त्याने घमेल्यावर उलटा केला. आधी टण्णकन पाइपचा एक बोटभर तुकडा पडला, मग स्प्रिंग घसरत आली, तिच्यामागून काळं तेल.

तो तुकडा गाडीबरोबर आलेला नव्हता. स्प्रिंग म्हातारी होऊन बसली की तिला वरून असा टेकू देतात. टर्नरने तो पुसून डोळ्यांजवळ नेला. लेथवर कापलेला नव्हता. हाताने, करवतीने कापून कानशीने घासलेला होता. त्याने पेटीतून काटकोन तपासायचा गुण्या काढला आणि तुकड्याला लावून उजेडासमोर धरला. फट दिसली नाही. सारा जन्म लेथसमोर उभं राहण्यात गेलेला माणूस तो. पण हाताने इतकं काटकोनात घासायचं म्हटलं असतं तर त्यालाही दम घ्यावा लागला असता. शिवाय कडा घासून बोथट केलेल्या, स्प्रिंगला बोचू नयेत म्हणून.

पुस्तकांवर शिक्के मारणारा माणूस! टर्नरने गुण्या दुसऱ्या टोकाला लावला. तिथेही फट नव्हती. कुणी आपल्यावरच कानस फिरवतंय असं त्याला वाटलं.

"बघताय काय एवढं?" कंपाउंडर अजून तिथेच होते. "सुट्टीच्या दिवशी सकाळी त्या व्हरांड्यातून हत्यारांचा आवाज सुरू झाला की मी आमच्या पोरांना सांगायचो, जरा शिका. एवढा शिकलेला माणूस, पण हात म्हणजे हात होता त्यांचा!"

"तुमचा चहा निवत असेल."

"चहा मिळाला असता तर तुमच्या कुंपणाशी कशाला उभा राहिलो असतो?"

टर्नरने त्यांच्याकडे पाठ केली आणि रिकामा शॉकअप पुन्हा गाडीच्या पकडीत उभा आवळला. गळणारं सील बदलायचं तर नळी खालच्या भांड्यातून ओढून काढायला हवी, आणि त्यासाठी तळाचा बोल्ट. त्याने पाना घातला. बोल्ट फिरला. आणखी फिरवला, आणखी फिरला. फिरतच राहिला. बाहेर मात्र सूतभर येईना.

टर्नरचा चेहरा उजळला. दुसऱ्या कुठल्या यंत्रावर असं झालं असतं, तर त्याने आधी बसून विचार केला असता. इथे त्याने सरळ हाक मारली.

"अगं, जरा बाहेर ये! बघ तुझ्या त्यांचं काम. आटे खाऊन ठेवलेत बोल्टाचे. नुसतं आवळत बसायचं म्हणजे काय दुरुस्ती झाली? म्हटलंच होतं मी, हे येरागबाळ्याचं काम नव्हे."

बायको ओले हात पुसत आली. त्याच्याशेजारी उकिडवी बसली.

"फिरवा बघू."

त्याने फिरवला. ती कान देऊन ऐकत राहिली. मग उठली आणि आत गेली. आली ती खिडकीची काठी घेऊन.

स्वयंपाकघरातल्या वरच्या खिडकीला हात पोचायचा नाही, म्हणून ही काठी. जाडजूड, लाकडी, एका टोकाला तासून निमुळती केलेली. टर्नर रोज सकाळी तिने खिडकी ढकलून उघडायचा आणि रोज त्याला वाटायचं, खिडकी ढकलायला कुणी काठी तासतं का?

"आत्ता कुठली खिडकी उघडतेस?"

"वरून नळीत घाला. टोक खाली. आतला दांडा बोल्टाबरोबर फिरतोय, दुसरं काही नाही. आटे चांगले आहेत."

त्याने काठी घातली. तळाशी टोक खटकन बसलं, माप घेतल्यासारखं.

"आता भार द्या. सैल सोडू नका."

तिने त्याच्या हातातला पाना घेतला. घेताना विचारलं नाही. तेल टपकेल म्हणून आधी खाली फडकं सरकवलं, मग पान्याच्या पाठीवर अंगठा टेकवला. त्या अंगठ्याकडे टर्नर बघत राहिला. रोज कणीक मळणारा, त्याच्या शर्टाची बटणं लावणारा अंगठा.

"हे एकट्याचं काम नाही," तो सावकाश म्हणाला.

"नाहीच. एकाने काठी, एकाने पाना."

"मग पाना..."

"त्यांना पाना मागितला तर पक्कड आणून द्यायचे." ती हसली. "माझ्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं, ठाऊक आहे ना तुम्हाला? तिथे मी काय नुसती हवा भरत होते?"

टर्नरने पायाजवळ पडलेल्या तुकड्याकडे मानेने खूण केली.

"आणि हा?"

"पडद्याच्या दांडीचा आहे. दुसऱ्या बाजूचा अंमळ तिरका झालाय, त्याला गुण्या लावू नका."

म्हणजे तिने आतून पाहिलं होतं. टर्नरचे कान तापले.

"इतक्या वर्षांत एका शब्दाने बोलली नाहीस."

"तुम्ही पेटी घेऊन आलात. आल्या आल्या मोरीचा नळ उघडून बसलात. तोंडावर काय आनंद होता तुमच्या! म्हटलं, असू दे. नव्या घरात माणसाला पाय टेकायला काहीतरी लागतं."

"तो नळ पुन्हा कधी गळला नाही."

तिने पाना काढून पुन्हा नीट बसवला. टर्नरला तिच्या ओठांचा कोपरा तेवढा दिसला.

"नळ तू..."

"दाबा," ती म्हणाली.

तो दाबून उभा राहिला. ती कानस थांबली नव्हती. कानशीची फक्त जागा बदलली होती. त्याला त्या सुट्टीच्या सकाळी दिसायला लागल्या. ही खाली पाना घेऊन बसलेली, आणि ग्रंथपाल वर असाच, काठी धरून. सगळी आळी हत्यारांचा आवाज ऐकतेय. टर्नर घरात काही उघडून बसला की ही हात मांडीवर ठेवून नुसती बघायची. 'वा, झालं?' म्हणायची.

"ते नीट दाबायचे?" त्याने विचारलं. आवाज त्यालाच परका वाटला.

"कसले! वाचलेलं काहीतरी सांगत बसायचे. गोष्ट रंगली की हात सैल. मग बोल्ट पुन्हा गरगर, आणि माझी आरडाओरड."

ग्रंथपालाची चूक अखेर सापडली होती. पण तिने ती अशा आवाजात सांगितली, की टर्नरला ती उचलून घेता येईना.

काठीच्या वरच्या टोकाशी लाकूड हाताच्या घामाने काळं, गुळगुळीत झालेलं होतं. आजवर त्याला वाटत होतं, ते आपल्याच हाताने झालंय. त्याने मूठ तिथून काढली आणि खाली, कोऱ्या लाकडावर धरली.

"काठी हलतेय," ती खालून म्हणाली.

त्याने मूठ पुन्हा वर नेली, त्या काळ्या जागेवर. दुसरा हात मुठीवर ठेवला आणि अंगाचा सगळा भार टाकला.

"काय हो," कंपाउंडर कुंपणावरून वाकून बघत होते, "बाईंना कामाला लावलंत की काय?"

"काम बाईंचंच आहे," टर्नर म्हणाला. "मी नुसती काठी धरलीय."

बोल्ट एकदा कुरकुरला, आणि मग आटा आटा करत बाहेर यायला लागला. तिने तो तळहातावर घेऊन पुसला.

"निघाला. सोडा आता."

तो धरूनच उभा राहिला.