हेलाच्या तंबूतला दुसरा ओमर

मित्रांनो, माझ्या तळाशी जरा बोट फिरवून पाहा. खरखरीत लागेल. कोणीतरी तिथे दगडाने पुष्कळ दिवस घासले आहे, आणि माझी कहाणी त्या खरखरीतपणातूनच सुरू होते. मी एक जुने मातीचे माप आहे. आज कोंबड्या माझ्यातून पाणी पितात. पण एके काळी एका मुलीचे घर कोणते, हे माझ्याकडे पाहून ठरले होते.

माझा जन्म मिसर देशातला. नदीच्या गाळापासून मला एका इस्राएली कुंभाराने घडवले. तो गुलाम होता. विटांच्या कामावरच्या मुकादमाने त्याला बजावले होते, की माप बाहेरून पूर्ण ओमरचे दिसू दे, पण आतून तळ जाड ठेव. ओमर म्हणजे एका माणसाचे एका दिवसाचे धान्य. माझ्या जाड तळामुळे रोज प्रत्येक गुलामाच्या वाट्यातून एक मूठ जव कमी पडत असे. सगळ्यांना ते कळत होते. बोलण्याची सोय नव्हती. मी मान खाली घालून भरत होते आणि रिकामे होत होते. मापाला दुसरे काय करता येते?

आमचे लोक गुलामीतून सुटून मिसरमधून निघाले, तेव्हा शेजारणींनी चांदीची भांडी घेतली, सोन्याच्या बांगड्या घेतल्या. हेला नावाच्या विधवेने मला उचलले. तिचा नवरा विटा वाहता वाहताच गेला होता आणि मूलबाळ नव्हते. बायका वाटेत तिची थट्टा करू लागल्या. सगळ्यांनी सोने आणले, हिने लबाडाचे माप आणले, असे त्या म्हणत. हेला एवढेच म्हणाली, "राहू दे की. त्यानं किती चोरलं, त्याचा पुरावा तरी हाताशी राहील."

पुढे वाळवंटात पीठ संपले, आणि मग आकाशातून देवाने धाडलेला मान्ना नावाचा खायचा दाणा पडू लागला. पहाटे जमिनीवर दव, त्यावर मान्ना आणि मान्नावर पुन्हा दव, जणू कोणी डबीत झाकून ठेवला आहे. दाणा धण्याएवढा, पांढरा. ऊन तापले की वितळून जायचा. आमचा पुढारी मोशे याच्याकडून देवाची आज्ञा आली, की माणशी एक ओमर गोळा करा, जास्त नको आणि कमी नको.

हेलाने मला हातात घेतले आणि तिचा चेहरा उतरला. आकाशातून आलेली वस्तू चोराच्या मापाने कशी मोजायची? तिने गारेचा एक दगड शोधला आणि माझा तळ घासायला बसली. शेजाऱ्याचे खरे माप पाण्याने भरायचे, ते माझ्यात ओतायचे, पाणी सांडले की पुन्हा घासायचे. कित्येक दिवस हेच चालले. एके दुपारी शेजाऱ्याच्या मापातले सगळे पाणी माझ्यात आले आणि माझ्या काठाशी येऊन थांबले. एक थेंबही सांडला नाही. मित्रांनो, मिसरमधल्या भट्टीत मी भाजले गेले खरे, पण माझा वाढदिवस मी त्या दुपारी धरते.

मान्नाची एक गोष्ट मला कधीच उलगडली नाही. पाण्याचे गणित मला समजते. जेवढे ओताल तेवढे भरते. मान्नाचे तसे नव्हते. कोणी हावरटासारखा टोपलीभर आणला, कोणी थकल्या हाताने थोडाच आणला, तरी मोजताना प्रत्येकाच्या घरी माणशी एकच ओमर भरायचा. मी पुष्कळदा लक्ष देऊन पाहिले. दाणे तेच, माझे पोट तेच, पण हिशेब दुसऱ्याच कोणाचा. आणि कोणी उद्यासाठी लपवून ठेवलाच, तर सकाळी त्यात किडे पडून घाण सुटायची. फक्त शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट मिळायचा आणि तो मात्र ताजा राहायचा.

आमच्या वस्तीत नाअरा नावाची एक लहान मुलगी होती. तिचे वडील आधीच गेले होते आणि आई वाटेत तापाने गेली. तिचा काका योग्ली जवळच राहत असे. मुलगी आजारी होती, हाडे दिसत होती. योग्लीने तिला हेलाच्या तंबूत आणून सोडले आणि घरात दोन मुले आहेत, काही दिवस तुझ्याकडे राहू दे, असे सांगून तो गेला.

मुलगी काही खाईना. हेलाने मान्ना भाजून पाहिला, कुटून पाहिला. शेवटी तिने विचारले, "तुझी आई काय करायची ग खायला?"

"तेलातल्या पोळ्या."

"मग डोळे मीट. तिच्या पोळ्या आठव आणि घास घे."

मान्नाला आपण मनात आणू ती चव यायची. बाळाला दूध लागायचे, म्हाताऱ्याला मध. नाअराने डोळे मिटून घास घेतला आणि ती चावता चावता रडू लागली. मग तिने सगळे खाल्ले. पुढे रोज तिच्या घासाला आईच्याच पोळ्यांची चव येत राहिली. हेलाला ते ठाऊक होते. तिला त्याचे वाईट वाटत असेल का? माप असल्यामुळे मला ते मोजता आले नाही.

त्या काही दिवसांची वर्षे झाली. अंगावरचा झगा गोगलगायीच्या शंखासारखा नाअराबरोबर वाढत गेला. तो कधी विरला नाही, कधी तोकडा झाला नाही. मोशेची बहीण मिर्याम हिच्या पुण्याईने आमच्याबरोबर चालणारी विहीर जिथे थांबे, तिथे नाअरा पाणी भरायला पहिली असे. आणि तिच्या बोटांत एक कसब आले. बकरीचे केस न कापता, बकरी उभी असतानाच तिच्या पाठीवर सूत कातायचे, हे पवित्र मंडपाच्या पडद्यांसाठी आमच्या बायकांनी शिकून घेतलेले काम. नाअरा कातायला बसली, की बकरी रवंथ करत झोपी जायची. बायका म्हणायच्या, "हिनं पाठीवरच कापड विणलं, तरी बकरीला समजायचं नाही."

तिचा हा लौकिक योग्लीच्या कानावर गेला आणि तो आपल्या दोन मुलांना घेऊन तंबूच्या दारात उभा राहिला. पोरगी आमच्या रक्ताची आहे, आता घरी चलू दे, असे त्याचे म्हणणे होते. हेला नाही म्हणाली. दोघे पल्ती यांच्याकडे गेले. दर दहा घरांमागे एक पंच असे आणि आमच्या दहा घरांचे पंच पल्ती होते. मला हेलाने कमरेला बांधून नेले होते. आधाराला काही तरी हवे होते तिला.

पल्तींनी दोघांचे ऐकून घेतले. मग ते हेलाकडे वळले. "बाई, अन्न आकाशातून पडतं. कपडे आपोआप वाढतात. पाणी विहीर देते. मग या पोरीसाठी तू केलंस तरी काय?"

हेलाने कमरेशी मला हाताने चाचपले. "उठवलं," ती म्हणाली. "रोज. ऊन यायच्या आत."

काही लोक हसले. पल्ती हसले नाहीत. ते म्हणाले की निकाल उद्या सकाळी लागेल. सगळ्यांना अर्थ कळला. ज्या घरचे माणूस, त्याचा ओमर त्याच घरच्या मान्नात भरतो. योग्लीच्या घरी तो, बायको आणि दोन मुले अशी माणसे चार. त्यांच्याकडे पाच ओमर भरले, तर नाअरा त्यांची. हेलाकडे दोन भरले, तर नाअरा तिची. तोवर मुलीने दोन्हीकडे राहायचे नाही, पंचांच्या बायकोजवळ राहायचे.

निघण्यापूर्वी नाअरा संध्याकाळचे जेवायला तंबूत आली. तिने विचारले, "मावशी, तू जेवली नाहीस?"

"पोट भरलंय माझं."

ते खोटे होते. तिने दिवसभरात एक दाणाही तोंडात घातला नव्हता. तिचा पुरा ओमर माझ्या पोटात होता. मुलगी गेल्यावर तिने मला फडक्याने झाकले आणि मेंढीच्या कातड्याखाली लपवले. सकाळी एकच ओमर भरला, तर त्यात हा मिसळायचा आणि दोन करायचे, असा तिचा बेत होता. इतकी वर्षे मान्ना वेचणाऱ्या बाईला काय होणार ते ठाऊक नव्हते का? ठाऊक होते. पण भीती वाटते तेव्हा ठाऊक असलेल्या गोष्टी आधी विसरतात.

अंधारातच माझ्या पोटात काहीतरी वळवळू लागले. मी ओरडू शकत नव्हते. पहाटे हेला टोपली घेऊन मान्ना वेचायला गेली. ती परतेपर्यंत पंच आणि शेजारीपाजारी दारात जमले होते आणि घाण तंबूबाहेर येऊन त्यांना भेटली होती. पल्तींनी माप मागितले. हेलाने मला बाहेर काढून फडके उचलले. किडे काठावरून खाली पडू लागले.

योग्लीने नाकाला झग्याचे टोक लावले. "हिचा देवावर भरवसा नाही, आणि पोरगी हिच्या भरवशावर ठेवायची?"

हेलाने मान वर केली नाही. नाअरा पंचांच्या बायकोमागे उभी होती. काल मावशी का जेवली नाही, ते तिला आत्ता कळले होते.

"मी बाईची परीक्षा घ्यायला आलेलो नाही," पल्ती म्हणाले. "घर मोजायला आलो आहे. माप धुवा."

योग्लीला आणखी एक गोष्ट आठवली. हे मिसरच्या मुकादमाचे माप आहे, याचा तळ जाड आहे, हे एकाचे दोन दाखवील, असे तो म्हणाला. शंका रास्त होती. पल्तींनी स्वतःचे माप विहिरीच्या पाण्याने काठोकाठ भरले आणि धुतलेल्या माझ्यात सावकाश ओतले. पाणी माझ्या काठाला आले. पल्ती वाकून कडेने पाहत राहिले. पाणी फुगून थरथरले, पण सांडले नाही.

"माप खरं आहे," ते म्हणाले.

आधी योग्लीचा मान्ना मोजला. त्याच्या मुलांनी दोन टोपल्या शिगोशीग भरून आणल्या होत्या. एक, दोन, तीन, चार. टोपल्या रिकाम्या झाल्या. त्याने पुन्हा मोजायला लावले. पुन्हा चारच.

मग हेलाची टोपली आली. तिच्या तळाशी पसाभर दाणे दिसत होते. रडत वेचताना हातून निसटलेच असतील. पहिल्यांदा मी भरले तेव्हा हेलाने डोळे मिटून घेतले. पल्तींनी मला रिकामे करून पुन्हा टोपलीखाली धरले. दाणे पडत राहिले. मी अर्धे झाले, मग गळ्यापर्यंत आले, मग काठोकाठ भरले. वर एक दाणा नाही, खाली एक दाणा नाही.

पल्ती म्हणाले, "नाअरा, घरी जा."

योग्ली टोपल्या उचलून निघाला, पण दोन पावलांवर थांबला. "पोरीनं कधी काकाच्या घरी यावं," तो जमिनीकडे पाहत म्हणाला.

"ये म्हण, येईल ती," हेला म्हणाली. "न्यायला मात्र येऊ नकोस."

त्या दिवशी दोघी जेवायला बसल्या. हेला म्हणाली, की जे माझ्या दारात पडणारच होते, तेच मी चोरून ठेवायला निघाले. नाअरा खात होती.

"आईच्या पोळ्याच ना आजपण?" हेलाने विचारले.

नाअराने थोडा विचार केला. "आज काही आठवलंच नाही ग. नुसतंच खाल्लं."

यानंतर कितीतरी वर्षे मी रोज भरले आणि रोज रिकामे झाले. देवाने कबूल केलेल्या भूमीत शिरायला पुरुष कचरले, म्हणून वाळवंटातच मरायचे, हा देवाचा निकाल मिसरमधून निघालेल्या पुरुषांवर होता. आमच्या बायकांना ती भूमी प्रिय होती, म्हणून त्या त्यातून सुटल्या. हेला पार वाकली होती, पण नाअराच्या मुलांचा हात धरून तिने यार्देन नदी ओलांडली. आमच्या लोकांनी त्या भूमीतला जव पहिल्यांदा भाजून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी हेला सवयीने पहाटे उठली आणि मला घेऊन बाहेर गेली. दव होते. तिने वाकून दव बाजूला सारले. खाली नुसती माती होती. ती थोडे पुढे गेली, तिथेही माती. मग तिने ओला हात तोंडावरून फिरवला, तंबूत आली आणि नाअराला हलवले.

"आज काही पडलं नाही."

"मग झोप की मावशी."

"झोपून कसं चालेल? आता पेरल्याशिवाय काही पडायचं नाही. ऊठ."

मित्रांनो, मान्नाचा एक ओमर बरणीत भरून देवाच्या आज्ञांच्या पाट्या असलेल्या पवित्र कोशापुढे जपून ठेवला आहे. त्याचा मान मोठा आहे. मी जव मोजले, मग मसूर मोजली, मग माझ्या काठाचा टवका उडाला आणि मी कोंबड्यांच्या वाट्याला आले. मला त्या बरणीशेजारी ठेवा, असे माझे म्हणणे नाही. पण घरात काही मोजाल, तेव्हा मापाचा तळ एकदा बोटाने तपासून पाहा. जाड असेल तर घासा, कितीही दिवस लागू देत. आणि पहाटे कोणी तुमचा खांदा हलवून ऊठ म्हणाले, तर त्याच्यावर चिडू नका. जे घर तुम्हाला उठवते, तिथेच तुमचा ओमर पडलेला असतो.