मालकाच्या नावाचा पासवर्ड

नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं न्हाय, ही आमच्या माकणी गावातल्या बायकांची रीत. घ्यायचंच झालं तर उखाण्यात. म्या सासरी आले तवापास्नं आमचे मालक माझ्यासाठी नुसते ‘आवो’ हुते. मग नातीनं, करिश्मानं, मोबाईलवर खातं काढून दिलं आन इचारलं, "आजी, पासवर्ड काय ठेवायचा?" म्या म्हणलं, लिहायला कुणाची बंदी हाय? बोटानं टाकलं, रामहरी. अगं बाई, म्हातारपणी लाजले की म्या!

पुढं मालक गेले. त्या खात्यात त्यांचे फोटो हायत, आन शेतातनं बोलून पाठवलेले निरोप. "मोटर चालू झाली, भाकरी घिऊन ये." एवढंच. पण सकाळी त्ये ऐकल्याबिगर चहा घशाखाली उतरत न्हाय.

परवा पुतण्यानं, बालाजीनं, काय करावं? माझं खातं त्याच्या मोबाईलवर उघडलं, आन खळ्यावर तोंड उघडं टाकून झोपलेल्या मालकांचा फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकला. समदी खदाखदा हसली. म्या तरातरा त्याच्या दारात.

"मुडद्या, तुला उघडलं कसं?"

"काकू, तुमी काकांचं नाव तोंडानं घेत न्हाव. म्हणलं, हितं घेतलं असंल. पहिल्या झटक्यात उघडलं बगा! गावातल्या समद्या बायकांचं असंच असंल."

त्यो हसत हुता, आन म्या तशीच माघारी फिरले, करिश्माकडं. चुकून बोट पडून निरोप पुसले गेले असते तर? मग सकाळी कुणाचा आवाज ऐकू म्या?

करिश्मानं डोक्याला हात लावला. "आजी, नाव न्हाय, गाव न्हाय, जन्मतारीख न्हाय. लांबलचक ठेवा, चार-पाच शब्दांचा. तुमच्याबिगर कुणालाच ठाऊक न्हाय असा."

"असं काय असतंय गं या भावकीत? हितं भाजीत मीठ जास्त पडलं तरी वेशीपतूर कळतंय."

पण बोलता बोलता आठवलं. हुतं की एक.

नवी नवरी हुते तवाचं. घरात सासू, जावा. दिवसा नवऱ्याशी बोलायची सोय न्हाय. शेताला जाताना मालक फुडं, म्या डोक्यावर पाटी घिऊन जरा मागं. ओढा ओलांडला, गाव दिसंनासं झालं, की मालक चाल कमी करायचे आन मागं न बघता मला एक वाक्य म्हणायचे. रोज त्येच. दोन्ही अंगाला डोक्याएवढी ज्वारी, ऐकायला फकस्त पाखरं. म्या "चला गुमान" म्हणायचे, आन खुरपताना दिसभर आपली हसत बसायचे. सासू म्हणायची, सून येडी हाय. काय गोड दिवस हुते!

त्ये वाक्य तुमालाबी सांगणार न्हाय.

"तिकडं तोंड कर," म्या करिश्माला म्हणलं. एकेक अक्षर हुडकून टाकलं. मालक गेल्यापास्नं त्ये मला कुणी म्हणलं न्हवतं, आन आता म्हणणारबी कोण हाय? मोबाईलवर आलं, पासवर्ड मजबूत.

"झालं गं बाई!"

"न्हाय आजी, पक्कं कराया त्यो आणखी एकदा मागतोय. तेच परत लिहा."

म्या डोळ्याला पदर लावला. "मागू दे की," म्हणलं, आन पहिल्या अक्षरापास्नं लिहाय बसले, सावकाश.