केळझरात हरवलेला नवरा

लग्न जुनं झालं होतं, बोलणं मीठ-मिरचीपुरतं उरलं होतं. चौपन सालच्या एका चतुर्थीले हे आफिसात गेलेच नाई. म्हणाले, "चाल, केळझरच्या गणपतीले." कोणाले न सांगता निघालो.

देवळात गर्दी एवढी, का मेलेली मुंगी बी उभीच राह्यली असती. त्यात हे हरवले. परतीची मोटर सुटून राह्यली होती, अन् नवऱ्याचं नाव घ्याची आपल्यात रीत नाई. "अहो" म्हणलं, त वर्धा जिल्ह्यातले सारे नवरे वळले, हेच नाई.

शेवटी डोये मिटून वरडली, "गुणवंता." देवळाची घंटा आपोआप वाजली, खोटं नाई सांगत.

नारळाच्या दुकानामागून हे आले. मोटर गेलती. म्हणाले, "एकडाव अजून म्हण."

पुढच्या रविवारी म्हणे, "चाल, आंजीले जाऊ. तिथं बी हरवतो."