सेरवाच्या नावाने मागितलेली माफी

अम्पोफोबाईंच्या संगणकाची डिस्क सोमवारी सकाळी गेली, आणि जाताना बाईंनी नोकरीला लागल्यापासून मोजलेलं कोकोचं एकेक झाड घेऊन गेली. कुठल्या झाडाला रोग कधी लागला, कुठलं तोडलं, कुठलं तगलं, सगळं त्या एका युनिक्स मशीनवर होतं. तरी बाई डगमगल्या नाहीत. सेरवाच्या टेबलावर पर्स आपटून म्हणाल्या, "काय गं, तूच सांगत होतीस ना, रोज हिरवं येतंय, बिनघोर राहा? काढ आता तुझं ते हिरवं!"

सेरवा हसली. कुमासी शहराबाहेरच्या त्या संशोधन केंद्रातला सगळा बॅकअप तिच्या हाती होता. रोज सर्व्हर नेटवर्कवरून एकेका मशीनच्या दाराशी जाई, नवीन असेल ते उचलून आणी, आणि सकाळी सगळ्यांना अहवाल धाडी. काम झालं तर हिरवं, फसलं तर लाल. कित्येक महिन्यांत कुणी लाल पाहिलं नव्हतं. सेरवाला त्याचा अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे.

तिने सर्व्हरवरचा बाईंचा कप्पा उघडला. तो रिकामा होता.

तिने पुन्हा उघडून पाहिला, जसं काही दुसऱ्यांदा उघडल्यावर त्याला दया येणार होती. बाईंना तिने चहा प्यायला पाठवलं आणि शोधायला बसली. सर्व्हरची नोंद पाहिली, तर डिस्क जाण्याच्या कितीतरी आधीपासून बाईंच्या मशीनकडून उत्तरच नव्हतं. शेजारच्या मशीनला हाक मारली, तर तिने लगेच ओ दिली, म्हणजे तारा शाबूत होत्या. मग कारण सापडलं, आणि ते अगदीच साधं होतं. बाईंची प्रयोगशाळा नव्या इमारतीत हलली तेव्हा मशीनला नेटवर्कवरचा नवा पत्ता मिळाला, पण तो सर्व्हरला कुणी सांगितलाच नव्हता. सर्व्हर बिचारा रोज जुन्या पत्त्यावर जाऊन रिकाम्या खोलीचं दार ठोठावत होता. नवीन काही येत नव्हतं, आणि जुन्या प्रती मुदत संपली की जागा करण्यासाठी आपोआप पुसल्या जात होत्या.

ती चूक कुणाकडूनही झाली असती. पण दार उघडलं नाही तर लाल यायला हवं होतं. हिरवं आलंच कसं?

बॅकअप चालवणारी सूचनांची स्क्रिप्ट तिने ओळीओळीने वाचली. तळाशी एक ओळ तिच्या ओळखीची नव्हती. तिचा अर्थ एवढाच, की आत काहीही होवो, शेवटी 'झालं' असंच कळव. कुणीतरी राखणीच्या कुत्र्याचं तोंड बांधून ठेवलं होतं. हे कुणी केलं, ते सर्व्हरने नोंदवलेलं होतं. नाव होतं सेरवाचंच.

मग तिने तारीख पाहिली. तो शनिवार तिच्या वडिलांच्या आईच्या अंत्यविधीचा होता. ती माम्पाँग गावी होती, सुतकाचं लाल-काळं कापड नेसून, ढोलांच्या गदारोळात. आणि तिथे केंद्रातून आंत्वीमामाचा फोन आला होता. "पोरी, तू तिकडचं बघ, इथलं मी सांभाळतो. तुझा पासवर्ड तेवढा दे, माझ्याकडून उघडत नाहीये." तिने दिला. का नाही देणार? आंत्वीमामा तिच्या आईचा सख्खा भाऊ. तिच्या शाळेची फी त्याने भरली, ही नोकरी त्याने लावली, युनिक्सचा पहिला शब्द त्याने शिकवला. आमच्याकडे बाप प्रेम करतो, पण शब्द मामाचा चालतो.

मामाची खोली कॉरिडॉरच्या टोकाला होती. निवृत्ती जवळ आल्यामुळे तो भिंतीवरचे फोटो काढून खोक्यात भरत बसला होता.

"मामा, ती ओळ तुम्ही घातली?"

त्याने नाही म्हटलं नाही. "अगं, तेव्हा सगळं लाल-लाल झालं होतं. डायरेक्टर सोमवारी पाहुणे आणणार होते. म्हटलं, तात्पुरतं गप्प करू, नंतर निवांत बघू. राहून गेलं बघ."

"आणि नवा पत्ता? मशीन तर तुम्हीच हलवली होती."

"तेही राहून गेलं."

"पण माझ्या नावाने का?"

"तू रडतेस कशाला? मी आहे ना अजून!" त्याने तिचा खांदा थोपटला. "उद्या मी स्वतः डायरेक्टरकडे जाऊन सगळं सांगतो. तू तोंड उघडू नकोस. मोठ्यांनी बोलायच्या गोष्टी मोठ्यांनी बोलाव्यात."

तिचा विश्वास बसला. त्या रात्री ती जेवलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मामा एकटा गेला नाही. त्याने नाना केसेंना सोबत घेतलं. एके काळी केंद्राचं भांडार सांभाळणाऱ्या ह्या म्हाताऱ्यांच्या शब्दाला गावात वजन होतं. कुणाच्या वतीने माफी मागायची तर नानांसारखाच माणूस लागतो. सेरवाला वाटलं, मामा स्वतःसाठीच त्यांना घेऊन आलाय. बरं वाटलं तिला.

डायरेक्टर डॉक्टर जाम्फींनी रिवाजाप्रमाणे आधी सगळ्यांना पाणी दिलं आणि मग, सगळं माहीत असूनही, कशासाठी येणं केलंत म्हणून विचारलं. अम्पोफोबाई खिडकीशी बसल्या होत्या. एका रात्रीत त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या.

नाना उठले. खांद्यावरचं कापड त्यांनी अदबीने उतरवलं. "साहेब, लेकरू चुकलं. लेकराच्या चुकीसाठी आम्ही पाया पडायला आलोय."

लेकरू? सेरवाने मामाकडे पाहिलं. मामा मान खाली घालून उभा होता, आणि त्याच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी होतं.

"माझ्या बहिणीची पोर आहे," तो म्हणाला. "कामाचा आळस केला, लाल दिसू नये म्हणून लबाडी केली. नोंदीत तिचंच नाव आहे, साहेब, मी काय लपवू? शिकवण माझी कमी पडली. तिला काढू नका. शिक्षा द्यायची ती मला द्या."

हे शेवटचं वाक्य ऐकून नाना गहिवरले. जाम्फीही विरघळले. काय हा मामा, भाचीसाठी हात पसरतो! सेरवाला ओरडावंसं वाटलं. पण मोठ्यांनी माफी मागितल्यावर मधेच 'मी नव्हे' म्हणायचं म्हणजे त्या मोठ्यांच्याच तोंडात मारणं. हे मामाला ठाऊक होतं, म्हणून तर त्याने नानांना आणलं होतं. ज्याच्या बोटाला धरून ती चालायला शिकली, त्याने केसाने गळा कापला होता.

"नानांचा शब्द मी मोडणार नाही," जाम्फी म्हणाले. "नोकरी राहील. पण बॅकअपला पुन्हा हात लावायचा नाही. आणि तुझ्या नावावर हे कायमचं राहील. जा, मोठ्यांचे आभार मान."

आभार मानायचे म्हणजे उजवीकडून सुरुवात करून एकेकाशी हात मिळवायचा. सेरवाने जाम्फींशी मिळवला. नानांशी मिळवला. अम्पोफोबाईंनी तिला हात दिला नाही. मग मामाचा हात पुढे आला. उबदार, ओळखीचा.

तिने तो घेतला नाही.

"साहेब," ती म्हणाली, आणि आवाज इतका शांत निघाला की तिचा तिलाच राग आला. "ती ओळ ज्या शनिवारी घातली गेली, त्या शनिवारी मी माम्पाँगला माझ्या आजीच्या अंत्यविधीच्या रांगेत बसले होते. तुम्ही आला होतात. माझा हात हातात घेऊन म्हणालात, धीर धर."

जाम्फींचा चेहरा बदलला. त्यांना आठवलं. नानांनी उतरवलेलं कापड हळूहळू परत खांद्यावर घेतलं आणि मामापासून पाऊलभर दूर सरकून उभे राहिले.

मामा मात्र अजून लढत होता. "तुझा पासवर्ड दुसऱ्याकडे गेलाच कसा? सांग ना साहेबांना! कुण्या परक्याला दिला होतास का?"

"नाही," सेरवा म्हणाली. "मामाला दिला होता."